एस्कलेड, नॅव्हिगेटर, ग्रँड वॅगोनिअर: एवढा मोठा खोका देखणा कसा ठरतो?

प्रश्न: अमेरिकेत आल्यापासून कॅडिलॅक एस्कलेड, लिंकन नॅव्हिगेटर आणि जीप ग्रँड वॅगोनिअर या गाड्या जिथे तिथे दिसतात. मला तर त्या चाकं लावलेल्या कपाटासारख्या वाटतात. तरी लोक लाख डॉलरच्या आसपास पैसे मोजून त्या घेतात आणि वर त्यांच्या रूपाचं कौतुकही करतात. यात खरंच काही डिझाइन आहे, की नुसता आकार आणि क्रोम? आणि तिघींत सरस कोणती?

उत्तर:

डिझाइन आहे. आकार आणि क्रोमही आहे, पण ते डिझाइनपासून वेगळं काढता येत नाही. मी डेट्रॉइटच्या परिसरातल्या स्टुडिओंमध्ये गाड्यांच्या बाह्यरूपावर काम करत आलो आहे, आणि त्यातलं बरंचसं काम पिकअप आणि मोठ्या एसयूव्हींचंच होतं. तेव्हा माझा कल कुठे असणार, हे आधीच गृहीत धरा.

मापांपासून सुरुवात करतो. आपल्याकडे फॉर्च्युनर मोठी गाडी मानली जाते. ती सुमारे ४.८ मीटर लांब आहे. साधी एस्कलेड ५.३८ मीटर आणि तिची लांब आवृत्ती ईएसव्ही ५.७६ मीटर. रुंदी दोन मीटरच्या वर, उंची दोन मीटरला थोडी कमी. अमेरिकेतल्या पार्किंगच्या चौकटी साधारण १८ फुटांच्या, म्हणजे साडेपाच मीटरच्या आखतात, त्यामुळे ईएसव्हीचं नाक किंवा शेपूट बाहेरच राहतं. लांब, ठेंगणी सेडान देखणी करणं तुलनेनं सोपं असतं, कारण तिचं प्रमाणच डोळ्याला सुखावणारं असतं. एवढ्या उंच वस्तूला मालवाहू ट्रकची कळा येऊ न देता रुबाब देणं मात्र भल्याभल्यांना जमत नाही.

या गाड्यांचं निम्मं रूप त्यांच्या सांगाड्यातच ठरून गेलेलं असतं. तिन्ही गाड्या शिडीसारख्या पोलादी चॅसिसवर उभ्या आहेत आणि तिघींची मुळं पिकअपमध्ये आहेत: एस्कलेडची शेव्हरोले सिल्व्हराडोच्या घराण्यात, नॅव्हिगेटरची फोर्डच्या एक्स्पिडिशन एसयूव्ही आणि एफ-१५० पिकअपमध्ये, ग्रँड वॅगोनिअरची रॅम १५०० मध्ये. इंजिन उंचावर, म्हणून बॉनेट उंच. चालकाची बैठक उंच, म्हणून काच उभट. पुढच्या चाकाची जागा ठरलेली. डिझायनरच्या हाती उरतं काय? चेहरा, दिवे, चाकं, खिडक्यांची रेघ, छत पेलणारे मागचे खांब आणि पत्र्याचा पृष्ठभाग. या गाड्यांच्या ज्या पिढ्यांनी ही मर्यादा मान्य केली त्या चांगल्या दिसतात. ज्यांनी खोका लपवायचा प्रयत्न केला त्या फसल्या. माझं सगळं मत या दोन वाक्यांत आलं. पुढे जे सांगतो ते त्याचं स्पष्टीकरण.

लक्झरी गाडी पिकअपच्या चॅसिसवर गेलीच का, याचं उत्तर बऱ्याच अंशी कायद्यात आहे. १९७५ च्या कायद्यानं अमेरिकेत इंधनाच्या सरासरीचे निकष आले, तेव्हा हलक्या ट्रकांना प्रवासी गाड्यांपेक्षा सैल निकष मिळाले. जास्त इंधन पिणाऱ्या गाड्यांवर लावलेला खास कर फक्त प्रवासी गाड्यांना लागू झाला, एसयूव्ही त्यातून सुटल्या. मोठी सेडान आणि स्टेशन वॅगन हळूहळू आटत गेल्या आणि ऐसपैस गाडीची हौस ट्रकच्या सांगाड्यावर येऊन बसली.

तसा नमुना आधीपासून होताच. शेव्हरोलेची सबर्बन १९३५ पासून आहे. जीपची वॅगोनिअर १९६३ च्या मॉडेलची. तिचं रूप ब्रूक्स स्टीव्हन्स यांनी घडवलं. १९६६ ची सुपर वॅगोनिअर ही पहिली लक्झरी एसयूव्ही, असं बरेच जाणकार मानतात. पण आज तुम्ही पाहता ती शर्यत सुरू केली फोर्डच्या लिंकननं. १९९८ च्या मॉडेलची नॅव्हिगेटर म्हणजे चेहरा बदललेली, चामड्यानं सजवलेली एक्स्पिडिशन. ती एवढी खपली की त्या वर्षी लिंकननं विक्रीत कॅडिलॅकला मागे टाकलं. कॅडिलॅकनं आधी आपणच पुढे असल्याचे आकडे जाहीर केले होते. १९९९ मध्ये ते चुकीचे असल्याचं त्यांना कबूल करावं लागलं. घाई इतकी होती की १९९९ च्या मॉडेलची पहिली एस्कलेड म्हणजे जनरल मोटर्सच्याच जीएमसी या दुसऱ्या ब्रँडच्या युकॉन डेनालीवर चिकटवलेलं कॅडिलॅकचं चिन्ह आणि बदललेलं ग्रिल, बाकी जवळपास सगळं तेच. ती गाडी आज पाहिली तर उसना कोट घालून लग्नाला आलेला माणूस आठवतो.

खरी एस्कलेड २००२ च्या मॉडेलपासून सुरू होते. तोवर कॅडिलॅकच्या स्टुडिओत कडक घड्यांची, तीक्ष्ण कडांची नवी भाषा तयार झाली होती. १९९९ च्या इव्होक या संकल्पना-गाडीत, म्हणजे प्रदर्शनासाठी बनवलेल्या नमुन्यात, ती पहिल्यांदा नीट दिसली. ही भाषा सेडानवर अनेकांना टोचली, पण चौकोनी ट्रकवर चपखल बसली. उभे दिवे, सरळ खांदे, जाळीदार मोठं ग्रिल. ‘आमचा ट्रक सेडानसारखा वाटतो’ असं पटवण्याची धडपड त्या गाडीनं सोडून दिली.

त्याच सुमारास हिप-हॉपमधल्या आणि खेळातल्या नामवंतांनी ती उचलली. कंपनीच्या जाहिरात विभागानं हे ठरवून घडवलेलं नव्हतं; गिऱ्हाइकानं गाडीचा अर्थ बदलला. लोक बाहेरून मोठी चकचकीत चाकं बसवून घ्यायला लागले. २००७ च्या पिढीत कंपनीनं स्वतःच २२ इंची चाकं पर्याय म्हणून दिली. तिघींच्या सगळ्या पिढ्यांत सर्वांत प्रभावी कोणती, असं विचाराल तर मी २००७ ची एस्कलेड म्हणेन. ती सर्वांत सुंदर नाही. पण पुढे सगळ्यांनी जे केलं, ते आधी तिच्यात दिसलं.

आता चाकांबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण ‘एवढी मोठी रिम म्हणजे नुसता दिखावा’ हे मी नेहमी ऐकतो. बाजूनं पाहताना आमच्या धंद्यात एक ढोबळ हिशेब असतो: गाडीची उंची म्हणजे एकावर एक ठेवलेली किती चाकं? चांगल्या प्रमाणाच्या सेडानमध्ये हा आकडा दोनच्या आसपास येतो. २०२१ च्या एस्कलेडची उंची साधारण ७७ इंच, आणि २२ इंची रिमवर टायर धरून चाकाचा व्यास साधारण ३३ इंच. म्हणजे गुणोत्तर २.३ च्या वरच. १८ इंची रिम लावली तरी टायरसकट व्यास फारसा कमी होत नाही. मग फरक कुठे पडतो? काळं रबर चाकाच्या कमानीखालच्या सावलीत विरघळतं आणि डोळा फक्त चकाकणारा धातू मोजतो. छोटी रिम दिसली की वरचं धूड अंगावर आल्यासारखं वाटतं. मोठी रिम दिसली की तेच धूड पेललेलं वाटतं. खड्ड्यांच्या रस्त्यावर याची किंमत कंबर मोजते, हे मान्य. पण रूपाच्या हिशेबात २२ इंच ही या गाड्यांची गरज आहे.

दुसरी गोष्ट पत्र्याची. अशा गाडीची बाजू सपाट दिसते, पण ती सपाट नसते. खरोखर सपाट पत्रा उन्हात मध्ये खचल्यासारखा दिसतो, आणि कारखान्यात दाबून काढतानाही तो त्रास देतो. मधोमध बोट दाबलं तर डबडब वाजतो. म्हणून दरवाजाला अगदी हलका फुगवटा ठेवावा लागतो. थोडा कमी पडला तर गाडी पोचे पडल्यासारखी, थोडा जास्त झाला तर सुजल्यासारखी. आम्ही पूर्ण मापाच्या क्लेच्या मॉडेलवर रंगासारखी चकाकणारी फिल्म चढवतो, तिच्यावर दिव्यांच्या पट्ट्या पाडतो आणि प्रतिबिंबाची रेघ पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत न अडखळता जाते का ते पाहतो. वळणदार गाडीत एखादी चूक वळणात लपून जाते. खोक्यात लपायला जागाच नसते. २०२१ ची एस्कलेड संध्याकाळच्या तिरप्या उजेडात बाजूनं पाहा. खांद्याच्या रेघेखाली उजेडाची एकच शांत पट्टी जाते, दोन-तीन घड्यांची गर्दी नाही. ‘हिच्यात काही डिझाइनच नाही’ असं वाटण्याचं एक कारण हेच आहे.

आता तिघींची तुलना. मी बाहेरून सर्वांत वर ठेवतो २०१८ ची नॅव्हिगेटर. तिच्या आधीची नॅव्हिगेटर क्रोमखाली गुदमरलेली होती. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लिंकननं एक संकल्पना-गाडी मांडली. तिचे प्रचंड दरवाजे पंखांसारखे वर उघडायचे आणि खालून पायऱ्या बाहेर यायच्या. सगळे त्या दरवाजांकडे पाहत होते, पण काम बाजूच्या रेघांत झालं होतं. प्रत्यक्ष गाडीत दरवाजे अर्थातच साधे आले, रेघा टिकल्या. खिडक्यांची खालची कड जवळजवळ आडवी, खांब काळे करून छत तरंगल्यासारखं, मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लाल दिवा. आडव्या रेघा लांबी वाढवतात आणि उंची खाली ओढतात. उंच गाडीवर हा सर्वांत प्रामाणिक उपाय आहे. ती त्या वर्षी ‘नॉर्थ अमेरिकन ट्रक ऑफ द इयर’ ठरली. त्यात माझ्या मते आतल्या भागाचा वाटाही मोठा होता. त्याबद्दल पुढे येतोच. २०२५ ची नवी पिढी मला नीटनेटकी वाटते, पण २०१८ ची सहजता तिच्यात नाही.

एस्कलेड अगदी उलट वाटेनं जाते. ती उंची लपवत नाही, मिरवते. कॅडिलॅकच्या मागच्या दिव्यांची परंपरा १९४८ च्या शेपटीच्या पंखांपासून येते. २०१५ च्या एस्कलेडनं त्याची आठवण ठेवून मागचे दिवे उंच, उभे केले. रात्री महामार्गावर पुढे जाणारी एस्कलेड त्या दोन लाल रेघांवरून लांबून ओळखता येते. २०२१ मध्ये पुढचे दिवे आडवे, बारीक केले. मला तो निर्णय तेव्हा कमजोर वाटला. २०२५ मध्ये पुढेही उभे दिवे परतले, त्यामुळे गाडी आता दोन्ही टोकांनी एकाच सुरात बोलते.

ग्रँड वॅगोनिअर मात्र मनाला लागते. जुनी, १९९१ पर्यंत चाललेली ग्रँड वॅगोनिअर आठवा: बारीक खांब, भरपूर काच आणि बाजूला लाकडाच्या नक्षीचं विनाइल. लोक त्या लाकडाला हसतात, पण ते काम करत होतं. ते बाजूच्या उंचीचे दोन भाग पाडायचं आणि गाडी हलकी दिसायची. २०२२ मध्ये नाव परतलं तेव्हा बाहेरचं लाकड टाळलं. जुन्या आठवणींवर विसंबायचं नाही, हा विचार मला समजतो. पण लाकड काढल्यावर त्याचं काम दुसऱ्या कशानं तरी करायला हवं होतं. ते झालं नाही, आणि बाजू नुसती भिंत राहिली. त्यात खिडक्यांभोवती फिरणारी चकचकीत पट्टी डोळ्याला नको तिथे थांबवते, आणि समोर जीपची ओळख असलेलं सात फटींचं बारीक ग्रिल एवढ्या मोठ्या चेहऱ्यावर हरवून जातं. २०२६ च्या मॉडेलसाठी चेहरा बदलला, यावरून कंपनीलाही तो पुरेसा पटला नसावा असं दिसतं.

सात फटींचा विषय निघालाच आहे तर एक आपल्या घरची गोष्ट. मुंबईच्या महिंद्रानं रॉक्सॉर ही शेतावर, रानात वापरायची गाडी मिशिगनमध्ये बनवून विकायला घेतली, तेव्हा ती जीपच्या रूपाची नक्कल असल्याची तक्रार झाली. २०२० मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगानं जीपच्या बाजूनं निर्णय दिला, आणि मग त्याच वर्षी महिंद्राचा बदललेला चेहरा चालेल असंही ठरवलं. ग्रिलच्या फटी, बॉनेटची ठेवण, सपाट बाजू हे सगळं तिथे पुरावा म्हणून मोजलं गेलं. चेहऱ्याला इथे एवढं मोल आहे. एकाच चॅसिसवर दोन-तीन ब्रँड उभे करणाऱ्या धंद्यात चेहरा हीच बरीचशी मालमत्ता असते.

आतल्या भागात क्रम बदलतो. १९९९ च्या एस्कलेडमध्ये बसलात तर समोर ट्रकचाच डॅशबोर्ड होता. जुन्या एस्कलेडची तिसरी रांग इतकी उथळ की मोठ्या माणसाचे गुडघे छातीशी यायचे, कारण खालून दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल जायचा आणि जमीन उंच राहायची. फोर्ड आणि लिंकननं मागची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर २००३ मध्येच आणली. एस्कलेडला ते जमायला २०२१ उजाडलं. २०१८ च्या नॅव्हिगेटरनं आत शांत, आडवा डॅशबोर्ड दिला, गिअरसाठी पियानोच्या पट्ट्यांसारखी बटणं दिली, आणि ३० प्रकारे हलणाऱ्या सीट दिल्या. एस्कलेडनं २०२१ मध्ये ३८ इंचांचा वक्र ओएलईडी पडदा बसवला आणि २०२५ मध्ये पार ५५ इंचांपर्यंत मजल मारली. पडद्यांची ही चढाओढ मला रुचत नाही. पाच वर्षांनी पडदा जुना दिसतो, चामडं जुनं दिसत नाही. म्हणूनच आतून मला ग्रँड वॅगोनिअर आवडते. तिच्यातही पडद्यांचा सुकाळ आहे, पण खरं अक्रोडाचं लाकड, मॅकिंटॉश या ऑडिओ कंपनीची ध्वनियंत्रणा आणि चामड्याची शिवण यांत कोणीतरी मनापासून लक्ष घातलेलं कळतं. जे बाहेर जमलं नाही ते आत जमलं.

तुमच्या मनात तुलनेला बहुधा रेंज रोव्हर आहे, बऱ्याच भारतीयांच्या असतेच. ती अतिशय देखणी गाडी आहे, पण तिच्यावरची अट वेगळी आहे. तिचं छत मागे उतरतं, मागचा भाग निमुळता होतो, खिडकीची रेघ चढते. हे सगळं तिला परवडतं, कारण तिच्या नेहमीच्या आवृत्तीत पाच माणसं बसतात. अमेरिकन गाडीला सात-आठ मोठी माणसं, त्यांच्या बॅगा आणि मागे बोटीचा ट्रेलर ओढायची ताकद द्यायची असते. तिसऱ्या रांगेतल्या माणसाचं डोकं छताला लागू द्यायचं नसेल तर छत सरळच न्यावं लागतं. न्यू जर्सी किंवा मिशिगनमध्ये आईवडील भारतातून सहा महिन्यांसाठी आले की आपल्या लोकांनाही या सरळ छताचं मोल कळतं. विमानतळावरच्या टॅक्सीवाल्यांना ते कधीच कळलं होतं. २०११ मध्ये लिंकन टाउन कार ही मोठी सेडान बंद झाली आणि काळ्या सबर्बन, एस्कलेड, नॅव्हिगेटर यांनी तिची जागा घेतली. रस्त्यावर काळ्या गाड्या जास्त दिसतात, त्याचं हे एक कारण.

एका टीकेला माझ्याकडे उत्तर नाही. बॉनेटच्या उंचीमुळे चेहऱ्याला दरारा येतो, आणि तीच उंची पायी चालणाऱ्याच्या जिवावर उठते. विमा कंपन्यांच्या आयआयएचएस या सुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाडीची धडक ३० इंच किंवा कमी उंचीच्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा पादचाऱ्यासाठी सुमारे ४५ टक्के जास्त जीवघेणी ठरते, असं त्यात आढळलं. स्टुडिओत ‘बॉनेटखाली इंजिन आहे, आम्ही काय करणार’ हे उत्तर ठरलेलं असायचं. मग एस्कलेड आयक्यू आली, पूर्ण विजेवर चालणारी, चार टनांहून जड, २४ इंची चाकांची. तिच्या बॉनेटखाली इंजिन नाही, सामानाचा कप्पा आहे. पुढची काच थोडी जास्त कलली, पण समोरची भिंत तशीच उंच उभी आहे. म्हणजे ती उंची यंत्राच्या नाइलाजानं आलेली नाही. विकत घेणाऱ्याला ती हवी आहे आणि आम्ही ती रेखाटतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. बाहेरून २०१८ ते २०२४ मधली नॅव्हिगेटर, आतून ग्रँड वॅगोनिअर, आणि लांबून ओळखू येण्याच्या बाबतीत एस्कलेडला तोड नाही. एकच निवडायची तर मी नॅव्हिगेटर घेईन, लांब आवृत्ती न घेता साधी, कारण लांबीतली भर सगळी मागच्या भागात पडते आणि बाजूचा तोल बिघडतो. रंग काळा नको. काळ्यात ग्रिल, खांब आणि पत्रा एकजीव होतात आणि एवढ्या मेहनतीनं काढलेला फुगवटा दिसतच नाही. करडा किंवा गडद निळा घ्या, आणि शोरूमच्या ट्यूबलाइटखाली पाहून ठरवू नका. गाडी बाहेर उन्हात काढायला सांगा, दहा-बारा पावलं लांब जा आणि बाजूनं पाहा.